मोटारींतील खर्ज



पनवेल हें पूर्वीपासूनच वाटेवरचें गांव. घाट चढून पुण्यास जाणारा रस्ता आणि कोंकणांतून गोव्याकडे उतरणारा महामार्ग येथेंच एकमेकांचा निरोप घेतात. २००२ सालीं पुरा झालेला मुंबई-पुणें द्रुतगती मार्गहि शेजारच्या कळंबोलीपासून निघतो. अशा गांवच्या माणसाचे पुष्कळ तास मोटारींत जातात, आणि मोटारींत बसलें कीं गाण्यावांचून वाट सरत नाहीं. म्हणून कारखान्यानें गाडीबरोबर दिलेल्या स्टीरिओला एक सबवूफर जोडून घ्यावा, ही इच्छा हल्लीं घरोघरीं ऐकूं येते. मुलांना तो हवा असतो, वडीलमाणसांना नको असतो. या तंट्यांत दोन्ही पक्षांचें निम्में निम्में खरें आहे असें मला वाटतें, आणि तें कसें, हें आज मी आपणांस सांगणार आहें.

प्रथम मुलांची बाजू घेऊं. काळी एकमध्यें गाणाऱ्या गवयाचा षड्ज सेकंदास सुमारें १३८ कंपनांचा असतो. त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यानें, म्हणजे सुमारें ६९ कंपनांनीं बोलते. डग्ग्याचा घुमारा, पखवाजाची थाप, ढोलाचा दणका यांचीं मुळें याच खालच्या प्रदेशांत असतात. गाडीच्या दारांत बसविलेला सोळा सेंटिमीटरचा स्पीकर तेथवर धड पोहोंचत नाहीं. तितकाच मोठा आवाज एक सप्तक खालीं काढावयाचा, तर स्पीकरच्या पडद्यास चौपट अंतर मागेंपुढें हलावें लागतें, आणि लहान पडद्याला तेवढी धांव नसते. शिवाय आपला कानच खालच्या स्वरांना मंद आहे; फ्लेचर व मन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९३३ सालीं हें मोजून दाखविलें. त्यांत धांवत्या चाकांची घरघर भर घालते, आणि उरलासुरला खर्जहि तिच्याखालीं बुडून जातो.

मग तंबोरा ऐकूं येतो तो कसा? मूळ स्वर हरवला तरी त्याचे वरचे सहस्वर कानांत शिरतात, आणि त्यांवरून मेंदू मूळ स्वर ताडतो. म्हणून साध्या स्टीरिओवर गाणें बेसूर होत नाहीं. तें कृश होतें. स्वर कळतो, त्याचें वजन कळत नाहीं. मुलें जें मागतात तें हें वजन होय.

स्टीरिओच्या तोंडावर छापलेल्या ‘पन्नास वॉट गुणिले चार’ या अक्षरांवर मात्र विसंबूं नये. इंजिन चालू असतां गाडीची वीज १४.४ व्होल्टांच्या आसपास असते. तेवढ्याच विजेवर चार ओहमांच्या स्पीकरमधून २६ वॉटांहून अधिक शुद्ध आवाज हिशेबानेंच निघत नाहीं. प्रत्यक्षांत त्याहूनहि कमी निघतो. खर्जासाठीं निराळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो तो याचमुळें.

येथें मोटारीचा एक गुण आपल्या उपयोगी पडतो. ४० कंपनांच्या स्वराची लाट सुमारें साडेआठ मीटर लांब असते, आणि गाडीची आंतली जागा जेमतेम अडीच-तीन मीटर. लाट आंत मावत नाहीं, तेव्हां आंतली सगळी हवा भात्यांतल्याप्रमाणें एकदम दबते व एकदम सुटते. त्यामुळें दिवाणखान्यांत ज्या कामाला मोठा पेटारा लागेल, तें मोटारींत सीटखालीं मावणारी आठ इंची पेटी पुष्कळसें भागविते. डिकींत सी. एन. जी.ची टांकी असणारांना तर हाच मार्ग मोकळा आहे. तेव्हां लहान पेटी घ्यावी. पैसा वांचतो आणि प्रवासाचें सामानहि डिकींत राहतें.

जोडणीसाठीं मूळचा स्टीरिओ काढण्याचें कारण नाहीं. मागच्या स्पीकरकडे जाणाऱ्या तारांतूनच गाण्याचा संकेत घेतां येतो. पुष्कळ अ‍ॅम्प्लिफायरांना त्यासाठीं स्वतंत्र तोंड असतें. नसल्यास मध्यें कन्व्हर्टरची लहानशी डबी बसवावी. गाडीच्या तारा कापूं देऊं नयेत. तयार कपलर मिळतात ते वापरावे, म्हणजे पुढें मूळची स्थिति परत आणतां येते.

आतां सांगतों ती गोष्ट दुकानदार विसरला तर आपण त्यास आठवण द्यावी. बॅटरीच्या धन टोंकापासून अ‍ॅम्प्लिफायरकडे एक जाड तार जाते. त्या तारेवर, बॅटरीपासून अर्ध्या मीटराच्या आंत, फ्यूज असलाच पाहिजे. अ‍ॅम्प्लिफायरमध्यें फ्यूज आहेच, मग हा दुसरा कशाला, असें कोणी म्हणेल. तो यंत्राच्या रक्षणासाठीं आहे, हा तारेच्या. ही तार इंजिनाकडून पत्र्याच्या भोंकांतून आंत येते. भोंकाला रबरी कडें नसेल तर खड्ड्याखड्ड्याला घासून तिचें आवरण फाटतें, तांबें पत्र्याला भिडतें आणि बॅटरींतून शेंकडों अँपिअर वाहूं लागतात. फ्यूज असेल तर तो क्षणांत वितळून वाट बंद करतो. नसेल तर तार लाल होते व गाडी पेटूं शकते. दीडशें वॉटांच्या चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरला तेरा-चौदा अँपिअर पुरतात, तेव्हां २० किंवा २५ अँपिअरचा फ्यूज पुष्कळ झाला.

तार अस्सल तांब्याची असावी. तांब्याचा मुलामा दिलेलें अ‍ॅल्युमिनियम स्वस्त मिळतें, पण तितक्याच जाडींत तें कमी वीज वाहतें व अधिक तापतें. अर्थिंगची तार आंखूड ठेवून, रंग खरवडून, उघड्या पत्र्याला घट्ट बसवावी. विजेची तार गाडीच्या एका बाजूनें आणि गाण्याची दुसऱ्या बाजूनें न्यावी. दोन्ही एकत्र नेल्यास इंजिनाची शीळ गाण्यांत येण्याचा संभव असतो. तळाशीं स्क्रू मारण्यापूर्वीं खालून पेट्रोलची टांकी किंवा गॅसची नळी जात नाहीं ना, हें वांकून पाहावें. विजेवर चालणाऱ्या गाडींतल्या नारिंगी तारांना तर कोणीहि हात लावूं नये. त्यांत शेंकडों व्होल्ट असतात. आणि आपल्याकडील पावसांत पायांखालचा गालिचा दिवसेंदिवस ओला राहतो, म्हणून सीटखालची पेटी त्यावर टेकूं न देतां थोडी उंच बसवावी.

पेटी बसली कीं ती जुळवून घ्यावी लागते. तिच्यावरील गाळणी ८० कंपनांच्या आसपास ठेवावी, म्हणजे गवयाचा आवाज सीटखालून आल्यासारखा वाटत नाहीं. मग ओळखीचें एखादें तबलावादन लावून पेटीचा आवाज हळूहळू वाढवावा आणि ‘हा सबवूफर’ असें वेगळें जाणवूं लागतांच थोडा मागें घ्यावा. तो आहे हें लक्षांत येऊं नये. बंद केला असतां मात्र कांहींतरी गेलें असें वाटावें.

याच्या पलीकडे आवाज नेला कीं वडीलमाणसांचें म्हणणें खरें ठरूं लागतें. मोठा खर्ज आपल्या वरच्या स्वरांना झांकून टाकतो, हा कानाचा धर्म आहे. घाटांत मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न किंवा रुग्णवाहिकेचा भोंगा अशा वेळीं उशिरां ऐकूं येतो, आणि तेथें क्षणाचाहि उशीर परवडत नाहीं.

दुसरा प्रश्न शेजाऱ्याचा. गाडीच्या कांचा आणि घराच्या भिंती वरचे स्वर बरेचसे अडवितात. खर्ज मात्र पार जातो. आपण गाडींत गाणें ऐकतों, पण तिसऱ्या मजल्यावर निजलेल्या माणसाच्या वांट्याला नुसती धपधप येते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं निवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. परंतु हें मोजमाप ज्या ‘ए’ मापानें होतें, तें ५० कंपनांचा नाद सुमारें ३० डेसिबलांनीं कमी धरतें. याचा अर्थ असा कीं, धपधपीनें झोंप उडालेला शेजारी तक्रार करील आणि यंत्र त्याला साक्ष देणार नाहीं. नवीन पनवेलसारख्या वसाहतींत, जेथें इमारतीला इमारत लागून आहे, तेथें हें काम आपल्या समजुतीवरच सोंपवावें लागतें.

त्यासाठीं एक सोपी तजवीज आहे. बऱ्याच सबवूफरांबरोबर खर्ज कमीजास्त करण्याची लहानशी फिरकी मिळते. ती पुढच्या सीटजवळ बसवून घ्यावी. घाट लागला, पाऊस दाटला किंवा रात्रीं वसाहतीच्या फाटकांतून गाडी आंत वळली, कीं ती शून्यावर आणावी. गाणें चालूंच राहतें. पेटी मुलांच्या आवडीची घ्यावी, आणि फिरकी मात्र वडीलमाणसांचा हात सहज पोहोंचेल अशा जागीं बसवावी.