समदुःखींचा आधार : हिमोफिलिया आणि कुटुंबांचे संघटन

(सुवर्णमहोत्सवी आरोग्य व्याख्यानाची संहिता)



बालक रांगू लागले की घरादारात आनंद पसरतो. परंतु काही घरांत त्याच वेळी चिंतेचे सावट येते. गुडघा किंचित आपटला तरी सुजतो, अंगावर काळेनिळे डाग उमटतात, हिरडीतून सुरू झालेला रक्तस्राव थांबत नाही. रक्त गोठविणाऱ्या घटकांपैकी आठवा घटक जन्मतःच कमी असल्यास त्यास हिमोफिलिया ‘ए’ म्हणतात, नववा कमी असल्यास ‘बी’. पहिला प्रकार सुमारे ५००० मुलग्यांमागे एकास आढळतो.

हा दोष बहुधा मातेकडून पुत्राकडे येतो आणि समाज मातेसच अपराधी ठरवितो. वास्तविक सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात या विकाराचा पूर्वेतिहास नसतो. जनुकातील बदल नव्याने घडलेला असतो. तो कोणी ओढवून घेत नाही. तरीही बहिणीच्या विवाहात अडथळा नको म्हणून भावाचा आजार लपविला जातो. उपचार लांबतात, वारंवार रक्तस्राव होऊन सांधा कायमचा आखडतो. एवढेच नव्हे, ती बहीणही वाहक असू शकते आणि तपासणीअभावी प्रसूतीसमयी तिच्या जिवास धोका संभवतो. ज्या कन्येसाठी लपविले, तिचीच हानी होते!

या एकाकीपणावर रुग्णांनीच मार्ग शोधला. स्वतः हिमोफिलियाग्रस्त असलेल्या फ्रँक श्नाबेल यांनी १९६३ साली जागतिक हिमोफिलिया महासंघ स्थापिला. त्यांचा जन्मदिवस, १७ एप्रिल, १९८९ पासून जागतिक हिमोफिलिया दिन म्हणून पाळला जातो. भारतात अशोक बहादूर वर्मा या रुग्णानेच १९८३ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय फेडरेशनची मुहूर्तमेढ रोवली.

अशा संघटनेत नवखी माता अनुभवी मातेस भेटते. रक्तस्राव होताच काय करावे, ॲस्पिरिन का टाळावे, स्नायूत इंजेक्शन का घेऊ नये, शाळेत कसे सांगावे, हे तिला समजते. घटकाचे इंजेक्शन घरी शिरेतून देण्याचे शिक्षण मिळते. डॉक्टर उपचार सांगतात; तो उपचार घेऊन रोजचे आयुष्य कसे जगावे, हे समदुःखी सांगतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये हिमोफिलियाचा समावेश झाला आहे. या हक्कांची माहितीही बहुधा येथूनच घरोघरी पोहोचते.

समाजाने काय करावे? अशा कुटुंबांच्या मासिक सभेसाठी एखादे सभागृह विनामूल्य द्यावे. दूरच्या रुग्णालयात जाणाऱ्यास प्रवासखर्च द्यावा, तोही नावाचा गाजावाजा न करता. आणि विवाह जुळविताना प्रामाणिकपणे आजार सांगणाऱ्या घराकडे पाठ फिरवू नये. यातील शेवटच्या गोष्टीस एक पैसाही खर्च नाही. परंतु तीच सर्वांत कठीण आहे. ती साधली, तर कोणत्याही मातेस आपल्या बालकाचे दुःख दाराआड दडवावे लागणार नाही.