एकाच पट्ट्यावरचे दोन पगार



मी अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिकलो ते कारखान्याच्या दारावर आणि रात्री पगारपत्रके वाचता वाचता. तेव्हा मोटारधंद्यातील मजुरीविषयीचे माझे हे बोलणे एका संघटकाचे आहे, असे समजून ऐकावे.

या धंद्यातील मजुरीची कथा अमेरिकेतील डेट्रॉइटपासून सुरू होते. तेथे ५ जानेवारी १९१४ रोजी हेन्री फोर्डने कामगाराला रोज पाच डॉलर देण्याचे जाहीर केले. त्याआधी नऊ तासांना सुमारे २.३४ डॉलर मिळत; आता आठ तासांना पाच! लोक म्हणाले, केवढी ही दानत! पण आदल्या वर्षीचा हिशेब पाहा. सरकत्या पट्ट्यावर दिवसभर एकच काम करून माणसे इतकी विटत, की शंभर जागा भरलेल्या ठेवण्यास वर्षात सुमारे ३७० माणसे घ्यावी लागत. ही दानत नव्हती, गरज होती. शिवाय त्यातला निम्मा भाग 'नफ्याचा वाटा' होता. तो मिळण्यास कामगार लायक आहे की नाही, हे पाहण्यास कंपनीचे तपासनीस त्याच्या घरी जात.

मर्जीने मिळालेल्याचा हक्क व्हायला संघटना लागली. जनरल मोटर्सशी १९४८ साली झालेल्या करारात महागाईबरोबर वाढणारा भत्ता आला. १९५० च्या करारात निवृत्तिवेतन आले.

पुढे परदेशी मोटारींची स्पर्धा वाढली, कंपन्या तोट्यात गेल्या. २००७ साली संघटनेने नव्या भरतीसाठी वेगळी श्रेणी मान्य केली. जुन्यांना तासाला सुमारे २८ डॉलर, तर अनेक कामांवर नव्यांना सुमारे १४. दोन वर्षांनी महागाई भत्ताही थांबला.

त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. वीसेक वर्षांपूर्वी मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या एका कारखान्यात मीही असाच करार केला. नव्या भरतीचे कलम वाचले, 'ती माणसे अजून आलीच कुठे आहेत?' असे मनाशी म्हटले आणि सही केली. त्या दिवशी गुलाल उधळला. तीन वर्षांनी द्वारसभेत एक पोरगा उठला. म्हणाला, "काका, बोल्ट तोच, पाना तोच, मग पगार निम्मा का?" मला उत्तर सुचले नाही. पुढे आम्ही संप पुकारला, तेव्हा ती पोरे आत काम करीत राहिली. त्यांना कोणत्या तोंडाने दोष द्यावा?

डेट्रॉइटच्या कामगारांना ही गाठ सोडवायला सोळा वर्षे लागली. १५ सप्टेंबर २०२३ रोजी तिथल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांत एकाच वेळी संप सुरू झाला आणि सुमारे सहा आठवडे चालला. साडेचार वर्षांत मूळ मजुरीत २५ टक्के वाढ ठरली, महागाई भत्ता परत आला, आणि वरच्या दरापर्यंतची आठ वर्षांची वाट तीनवर आली. तरी २००७ नंतरच्यांना जुने निवृत्तिवेतन मिळाले नाहीच. एकदा सोडलेले सगळे परत येत नाही.

मंडळी, आकडे विसरलात तरी चालेल. पण कोणताही करार हाती आला, तर आपल्या वाढीची ओळ वाचण्याआधी, अजून न आलेल्या माणसाची ओळ वाचा. त्याची बाजू मांडायला त्या खोलीत तुमच्यावाचून दुसरे कोणी नसते.