अरुंधती दिसली काय?

(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या चालकांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहो. विद्यार्थी साहाय्यक निधी, वधूवर-सूचक मंडळ व समाजगृहाची डागडुजी या विषयांवर अधिकारी व्यक्तींची भाषणे आपण सकाळपासून ऐकलीच आहेत. त्यांत आम्ही भर घालू शकत नाही. म्हणून थोडा वेळ आपली दृष्टी जमाखर्चावरून उचलून आकाशाकडे नेण्याची परवानगी आम्ही मागतो. आजचे बोलणे एका कबुलीपासून सुरू करावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी वैशाखात आमच्या पुतणीचा विवाह झाला. मुहूर्त दुपारी बाराच्या सुमाराचा होता. सप्तपदी आटोपल्यावर गुरुजींनी वधूवरांस उत्तरेकडे तोंड करून उभे केले, वर बोट दाखविले आणि म्हणाले, "ध्रुव पाहिला म्हणा, अरुंधती पाहिली म्हणा." बोटाच्या टोकाशी कार्यालयाचा पंखा फिरत होता. दोघांनी मुकाट्याने "पाहिली" म्हटले, अक्षता पडल्या आणि मंडळी पंगतीकडे वळली. पाठवणीच्या आधी पुतणी आमच्याजवळ आली व हळूच म्हणाली, "काका, मला काहीच दिसले नाही. तुम्हांला दिसली का हो अरुंधती?" आम्ही म्हणालो, "दिसली, बाळ." तिच्या डोळ्यांत आधीच पाणी होते, त्यात आणखी शंका कशाला, असे आम्हांस वाटले. पण खरे सांगावयाचे तर, साठी उलटून गेली तरी आम्ही अरुंधती कधी पाहिलीच नव्हती. अग्नीसमोर त्या मुलीकडून एक असत्य वदवून घेतले गेले आणि विचारल्यावर आम्ही दुसरे बोललो. गुरुजींना दोष देण्याचे कारण नाही. मुहूर्त आम्हीच ठरविला होता आणि कार्यालयही आम्हीच पाहिले होते.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. पुढच्याच आठवड्यात आम्ही आमच्या मूळ गावी गेलो आणि रात्री नऊच्या सुमारास अंगणात उत्तरेकडे तोंड करून उभे राहिलो.

सप्तर्षी ओळखण्यास कठीण नाहीत. चार ताऱ्यांचा एक चौकोन आणि त्यास जोडलेली तीन ताऱ्यांची वाकडी शेपटी. चौकोनात क्रतू, पुलह, पुलस्त्य व अत्री; शेपटीत अंगिरस, वसिष्ठ व शेवटी मरीची. विदर्भातील गोंड लोक या चौकोनास म्हातारीची खाट म्हणतात आणि शेपटीतील तिघांना ती पळवून नेणारे चोर मानतात. म्हणजे आपले कुलगुरू वसिष्ठ तेथे मधले चोर ठरले! ज्याने त्याने आपापल्या संसारातील वस्तू आकाशात पाहिली, इतकाच त्याचा अर्थ. त्या मधल्या ताऱ्याकडे टक लावली, डोळे अंधारास सरावले आणि त्याच्या अगदी लगत एक बारीक ठिणगी उमटली. तीच अरुंधती. त्या दोहोंतील अंतर पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शाहून किंचित अधिक आहे आणि वसिष्ठ तिच्याहून सुमारे सहापट तेजस्वी दिसतो. अरब लोक तिला 'सुहा' म्हणत आणि तिच्यावरून दृष्टीची परीक्षा घेत.

लहान वस्तू दाखविण्यासाठी आधी जवळची मोठी वस्तू दाखवावी, या रीतीस आपल्या शास्त्रकारांनी अरुंधतीचेच नाव दिले. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात हा दृष्टांत घेतला आहे. दाखविणारा प्रथम मोठ्या ताऱ्यालाच अरुंधती म्हणतो, दृष्टी तेथे स्थिरावली की ते म्हणणे मागे घेतो आणि खऱ्या अरुंधतीकडे नेतो. बोट दाखवणे म्हणजे पाहणे नव्हे, हे ज्यांनी इतक्या बारकाईने ओळखले, त्यांच्या वंशजांनी केवळ बोटावर समाधान मानावे काय?

आश्वलायन गृह्यसूत्रात वधूने ध्रुव, अरुंधती व सप्तर्षी पाहिल्यानंतर मौन सोडावे असे सांगितले आहे. म्हणजे विधी रात्रीचा आणि दर्शन प्रत्यक्ष. त्या प्राचीन काळी, अयनचलनामुळे, सप्तर्षी ध्रुवबिंदूच्या आजच्यापेक्षा बरेच जवळ होते. त्यामुळे ते रात्रीच्या अधिक वेळी दृष्टीस पडत. आज महाराष्ट्राच्या अक्षांशावरून अरुंधती रोज सुमारे आठ तास क्षितिजाखाली असते. आम्ही घरी येऊन हिशेब केला तेव्हा कळले की, वैशाखातल्या त्या भर दुपारी ती सूर्यप्रकाशात लपली होती असेही नव्हे; ती उगवलीच नव्हती. मार्गशीर्षातील सायंकाळच्या लग्नांची तीच गत. डिसेंबराच्या आरंभी ती मध्यरात्रीनंतर उगवते. तेव्हा आपण वधूवरांस जिकडे पाहावयास लावतो, तिकडे बहुधा ती नसतेच.

आता या जोडीविषयी माणसाने काय काय जाणले ते थोडक्यात सांगतो. पाश्चात्त्य ज्योतिषी वसिष्ठास 'मिझार' आणि अरुंधतीस 'अल्कोर' म्हणतात. गॅलिलिओचा शिष्य बेनेदेत्तो कास्तेल्ली याने १६१७ च्या जानेवारीत आपल्या गुरूस वसिष्ठाकडे दुर्बीण वळविण्याची विनंती केली. गॅलिलिओने पाहिले तो वसिष्ठ स्वतःच दोन ताऱ्यांचा निघाला! हे दोन तारे इतके जवळ आहेत की, त्यांच्यामधील अंतर वसिष्ठ-अरुंधतींमधील अंतराच्या सुमारे पन्नासावा हिस्सा भरते. साध्या दुर्बिणीतूनही आज ते वेगळे दिसतात. एक तारा जवळ व दुसरा फार दूर असेल, तर पृथ्वीच्या भ्रमणामुळे त्यांतील अंतर बदलताना दिसावे, ही पद्धत गॅलिलिओने १६३२ च्या ग्रंथात मांडली. येथे मात्र तसा बदल दिसणे शक्य नव्हते, कारण हे दोघे खरेच शेजारी आहेत. १८५७ साली अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत जॉर्ज बाँड याने या जोडीचे छायाचित्र घेतले. जोडताऱ्याचे ते पहिले छायाचित्र होय.

त्याच वेधशाळेत एडवर्ड पिकरिंग यांस १८८७ च्या एका छायाचित्रात वसिष्ठाच्या मोठ्या घटकाच्या वर्णपटातील एक रेषा दुहेरी झालेली आढळली. अँटोनिया मोरी या तरुण विदुषीने छायाचित्रांमागून छायाचित्रे तपासली. ती रेषा कधी दुभंगे, कधी पुन्हा एक होई. यावरून तेथे एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे आहेत, असे १८८९ साली जाहीर झाले. ज्यांचे दुपदरीपण केवळ वर्णपटावरून उमगले असे हे पहिलेच तारे. त्यांची एक फेरी साडेवीस दिवसांची आहे. १९०८ साली वसिष्ठाचा लहान घटकही असाच दुहेरी ठरला. शेवटी २००९ साली अमेरिकेतील दोन संशोधक-गटांना अरुंधतीजवळ एक मंद, तांबडा सोबती आढळला. डोळ्यांस एक दिसतो, चांगल्या डोळ्यांस दोन, दुर्बिणीस तीन आणि शास्त्रास सहा! एकत्र कुटुंबच म्हणावयाचे.

येथे आम्हांस एका गोष्टीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. हल्ली मोबाईलवर एक मजकूर फिरतो. तो आपल्यापैकी बहुतेकांना आला असेल व अनेकांनी तो अभिमानाने पुढेही धाडला असेल. त्यात म्हटलेले असते की, सर्व जोडताऱ्यांत एक तारा स्थिर असतो व दुसरा त्याभोवती फिरतो. फक्त वसिष्ठ व अरुंधती एकमेकांभोवती फिरतात. हे आपल्या ऋषींना ठाऊक होते, म्हणून विवाहात ही जोडी दाखवितात. बंधुभगिनींनो, हे खरे नाही. ज्या ज्या जोडताऱ्यांचे भ्रमण मोजले गेले, ते सर्व दोघांच्या समाईक केंद्राभोवती फिरतात. यात वसिष्ठ-अरुंधतींचे वेगळेपण काही नाही. उलट या दोहोंत एका प्रकाशवर्षाच्या आगेमागे अंतर असून, ते परस्परांस बांधलेले असले तरी एका फेरीस कित्येक लक्ष वर्षे लागतील. ती फेरी कोणा मानवाने पाहिलेली नाही.

अभिमानाच्या भरात आकाशाला आपले नाव चिकटविण्याचा मोह इतरांनाही झालेला आहे. १७२२ साली जर्मनीतील लीबक्नेख्ट नावाच्या विद्वानास वसिष्ठ व अरुंधती यांच्या मध्ये एक अंधुक तारा दिसला. तो नवा ग्रह आहे असे समजून त्याने त्यास आपल्या राजाचे, लुडविगचे, नाव देऊन टाकले. तो ग्रह नव्हता. दूरचा साधा तारा होता आणि त्याच्या आधीही तो पाहिला गेला होता. राजाचा गौरव तर झाला नाहीच, उलट त्या विद्वानाचे हसे झाले. आपल्या पूर्वजांना त्यांनी न केलेल्या शोधाचे श्रेय देणे हाही त्यांचा गौरव नव्हे. त्यांनी केवळ डोळ्यांनी ही बारीक ठिणगी हेरली, तिला नाव दिले आणि प्रत्येक नववधूने ती स्वतः पाहावी असा दंडक घातला. हा मोठेपणा पुरेसा आहे आणि तो खरा आहे.

भगिनींसाठी आणखी एक गोष्ट सांगतो. महाभारताच्या भीष्मपर्वात युद्धापूर्वीचे अपशकुन सांगताना, अरुंधतीने वसिष्ठास मागे टाकले, असा उल्लेख येतो. स्त्री पुढे गेली की अनर्थ, असा त्याचा सोयीचा अर्थ काढणारे आपल्यातही आहेत. आकाशात रोज काय घडते? वसिष्ठ आधी मध्यावर येतो आणि सुमारे सव्वा मिनिटाने अरुंधती येते. पण हे मागेपुढे केवळ पृथ्वीच्या फिरण्यामुळे आपणांस भासते. ताऱ्यांचा स्वतःचा प्रवास निराळाच आहे. रिचर्ड प्रॉक्टर यांनी १८६९ साली दाखवून दिले की, सप्तर्षींपैकी क्रतू व मरीची वगळता उरलेले पाच एकाच दिशेने चालले आहेत. अरुंधतीही त्यांच्याच सोबत आहे. वसिष्ठ व अरुंधती ही दोघे एकाच दिशेने, जवळजवळ एकाच वेगाने, खांद्याला खांदा लावून चालली आहेत. तेथे कोणी पुढे नाही आणि कोणी मागे नाही. ती वसिष्ठाची सावलीही नव्हे. तिचा प्रकाश तिचा स्वतःचा आहे. वधूस काही सांगावयाचेच असेल, तर हे सांगावे, आणि वरासही तेच ऐकवावे.

आता विनंती. विवाहाचे मुहूर्त बदला असे आम्ही म्हणत नाही. नोकऱ्या, कार्यालये, परगावचे पाहुणे, सर्वांच्या अडचणी आम्ही जाणतो. पण विधीच्या वेळी "पाहिली" असे वदवून घेण्याऐवजी "पाहू" असे म्हणवून घ्यावे आणि तो शब्द खरा करावा. मे महिन्यात रात्री नऊ-दहाच्या सुमारास सप्तर्षी उत्तरेस चांगले उंच असतात. हिवाळ्यात लग्न झालेल्यांनी वसंताची वाट पाहावी. शहराच्या दिव्यांत अरुंधती हरवते, म्हणून एका रात्री नवदांपत्यास गावाबाहेर न्यावे. लहान दुर्बीण असल्यास उत्तमच. आपली जी मुले लंडन, न्यूयॉर्ककडे स्थायिक झाली, त्यांना तर सबबच नाही, कारण तेथून अरुंधती कधी मावळतच नाही. पुढील संमेलन वैशाखात भरले, तर एक रात्र या दर्शनासाठी राखून ठेवावी, अशी कार्यकारी मंडळास आमची सूचना आहे. त्यास खर्च काही नाही. फक्त मांडवातले दिवे थोडा वेळ मालवावे लागतील.

आमची पुतणी गेल्या वर्षी उन्हाळ्यात जावयांसह गावी आली होती. आम्ही दोघांना अंगणात नेले आणि प्रथम आमची चूक सांगितली. मग वसिष्ठ दाखविला. जावयांना अरुंधती लगेच दिसली, पुतणीस दिसेना. ती बराच वेळ पाहत राहिली. आम्ही काही बोललो नाही. शेवटी तीच म्हणाली, "काका, आता दिसली." या वेळी तो शब्द खरा होता.

ही जोडी आपल्यापासून सुमारे ८० ते ८३ प्रकाशवर्षे दूर आहे. आज दिसणारा तिचा प्रकाश निघाला तेव्हा या सभेतील आमच्या वडील मंडळींचे बालपण चालू होते. आज जो प्रकाश तेथून निघेल, तो आजच्या नववधूची लेक स्वतः आजी होईल तेव्हा पृथ्वीवर पोहोचेल. त्या रात्री एखाद्या नातीने "आजी, अरुंधती कुठे आहे?" असे विचारले, तर तिला नेमके बोट दाखविता यावे, एवढीच आमची इच्छा आहे.