आपल्याच ड्रममधला डास
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



या २५ वर्षांत आपण पाण्यावरून किती भांडलो! फुलंब्रीत नळाचा दिवस चुकला की जीव घाबरतो. म्हणून घरोघरी टाक्या, ड्रम, रांजण. आज त्याच पाण्याबद्दल बोलतो.

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटाच्या अस्तरात हिवतापाचे जंतू दिसले. तेव्हा आपणही निजामाच्याच मुलखात होतो. हिवताप वाईट हवेने होतो, या जुन्या समजुतीला तिथे धक्का बसला.

डेंग्यूचा डास वेगळा. तो दिवसा चावतो, घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. मादी पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या कडेला अंडी चिकटवते. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. पाणी आलं की आठ-दहा दिवसांत डास तयार.

माझ्या नातवाला डेंग्यू झाला, तेव्हा मी समोरच्या गटाराला नावं ठेवली. आशाताई आल्या, त्यांनी गच्चीवरचा माझाच ड्रम उघडला. आत अळ्या वळवळत होत्या! नातू बरा झाला. माझी मान मात्र खाली गेली.

म्हणून विनंती, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. भांडी नुसती उपडी करू नका, आतून घासा. झाकण नसेल तर फडकं बांधा. आणि सगळ्यांनी एकाच वारी करू या; कारण माझ्या ड्रममधला डास तुमच्या लेकरालाही चावतो.