संपादक आणि चरित्रकार अण्णासाहेब लठ्ठे
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजाच्या जागृतीचा इतिहास दिवाणबहादूर अण्णासाहेब बाबाजी लठ्ठे यांच्या नावावाचून पूर्ण होत नाही. १८७८ साली कुरुंदवाड येथे जन्मलेले अण्णासाहेब एम.ए., एलएल.बी. झाले. १८९९ साली स्तवनिधी क्षेत्री स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या आद्य प्रवर्तकांत ते अग्रभागी होते. राजाराम कॉलेजात त्यांनी इंग्रजीचे अध्यापन केले. ‘जिनविजय’मधून समाजास विद्येची गोडी लावली आणि पुढे ‘द डेक्कन रयत’ या इंग्रजी साप्ताहिकाद्वारे बहुजनांची बाजू राज्यकर्त्यांपुढे मांडली.

त्यांच्या लेखणीची खरी कसोटी मात्र निराळीच होती. १९१४ साली कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातील पुतळ्यास डांबर फासले गेले आणि संशय अण्णासाहेबांवर आला. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून तरुण भाऊराव पाटलांचा अतोनात छळ झाला. वास्तविक याच अण्णासाहेबांनी शिस्तभंगाबद्दल भाऊरावांना जैन बोर्डिंगमधून काढले होते. तरीही भाऊरावांनी असत्यास मान तुकविली नाही. अण्णासाहेबांना कोल्हापूर सोडून बेळगावी जावे लागले.

राजर्षी शाहू महाराज १९२२ साली निवर्तले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९२४ साली, महाराजांचे द्विखंडात्मक इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झाले. त्याचे लेखक होते अण्णासाहेब लठ्ठे! ज्या राज्यात संशयाचे चटके सोसले, त्याच राज्याच्या अधिपतीचे कार्य त्यांनी पत्रव्यवहाराच्या आधारे जगापुढे ठेवले. पुढील प्रत्येक अभ्यासकास या ग्रंथाकडे वळावेच लागले. वैयक्तिक येणे-देणे इतिहासाच्या खातेवहीत मांडावयाचे नसते, हे त्यांनी कृतीने दाखविले. वस्तूच्या अनेक बाजू पाहण्यास शिकविणारा अनेकान्त याहून वेगळा तो कोणता?

पुढे ते करवीर संस्थानचे दिवाण झाले. १९३७ ते १९३९ या काळात मुंबई प्रांताचे अर्थमंत्रिपदही त्यांनी भूषविले. १९५० साली त्यांचे देहावसान झाले. ही पदे काळाच्या ओघात विरली. ग्रंथ मात्र राहिला, कारण त्यामागे जपलेले कागद होते.

आपल्या संस्थांची जुनी इतिवृत्ते, देणगीवह्या, पत्रे आज कोठे आहेत? पुष्कळ ठिकाणी दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत जातात. सुवर्णमहोत्सवी वर्षात एक कपाट या कागदांसाठी राखून ठेवावे. उद्याच्या चरित्रकाराची तीच शिदोरी ठरेल.

जय जिनेंद्र!