चांगल्या चाललेल्या बँकेला लगाम



पदवीदानाला उद्योगपती बोलवावा, निवृत्त बँकवाला बोलवू नये, असं माझं मत आहे. उद्योगपती स्वप्नं दाखवतो, बँकवाला ताळेबंद दाखवतो. तरीही तुम्ही मला बोलावलंत. त्यातून अकोल्यात, वाणिज्य शाखेच्या मुलांसमोर बोलायचं आहे, म्हणून एका बँकेची हकिगत सांगतो. ती अकोल्याची नाही. अकोल्याच्या बँकेकडे शेवटी येतो.

कोलकात्याच्या पूर्वेला खाऱ्या दलदलीत हुगळीचा गाळ भरून साठच्या दशकात एक उपनगर वसवायला घेतलं, ते सॉल्ट लेक. सरकारी दप्तरी त्याचं नाव बिधाननगर. त्याच्या सेक्टर फाइव्हमध्ये आयटी कंपन्यांच्या इमारतींच्या गर्दीत बंधन बँकेचं मुख्यालय आहे. चंद्रशेखर घोष यांनी २००१ मध्ये बंधन स्थापन केली आणि हावडा जिल्ह्यातल्या बागनानला बायकांना छोटी कर्जं द्यायला सुरुवात केली, तेव्हा ती बँक नव्हती, स्वयंसेवी संस्था होती. कामाची पद्धत आपल्याकडच्या बचत गटाशी नातं सांगणारी. ठरलेल्या वारी कुणाच्या तरी अंगणात चटई पडते. गटातल्या बायका येतात, कर्ज अधिकारी सायकलवरून येतो, प्रत्येकीचा हप्ता मोजून घेतो, पासबुकात नोंद करतो आणि पुढच्या अंगणात जातो. तारण काही नाही. भात सडायला, साडीवर भरतकाम करायला, गाय घ्यायला काही हजार रुपये, आणि परतफेड आठवड्याला.

२००६ मध्ये घोष यांनी एक बिगरबँकिंग वित्त कंपनी हाती घेतली आणि कारभार वाढवला. अडचण एकच होती. ही कंपनी कर्ज देऊ शके, ठेवी घेऊ शकत नसे. वाटायचा पैसा मोठ्या बँकांकडून व्याजानं आणायचा. हे किती धोक्याचं आहे ते २०१० मध्ये आंध्रात दिसलं. तिथल्या सरकारनं सूक्ष्मकर्जाच्या वसुलीवर अध्यादेश काढला, हप्ते थांबले, आणि देशभरच्या बँकांनी या धंद्यातल्या कंपन्यांसाठी हात आखडता घेतला. ज्याच्याकडे स्वतःच्या ठेवी नाहीत, त्याचा श्वास दुसऱ्याच्या हाती.

२०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नव्या खासगी बँकांसाठी अर्ज मागवले. रांगेत देशातली मोठमोठी घराणी होती, पुण्याची बजाज फिनसर्व्हसुद्धा होती. एप्रिल २०१४ मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली ती फक्त दोघांना, आयडीएफसी आणि बंधन. २३ ऑगस्ट २०१५ रोजी बंधन बँक ५०१ शाखांसह उघडली.

आता बँक म्हणजे काय, ते थोडं उलगडू. पुस्तकात तुम्ही वाचलंच आहे, पण परीक्षेच्या घाईत वाचलेलं डोक्यात राहत नाही, हा माझा स्वानुभव. तुम्ही बँकेत १०० रुपये ठेवले, तर आजच्या घडीला त्यातले ३ रुपये रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवावे लागतात, १८ रुपये मुख्यतः सरकारी रोख्यांत गुंतवावे लागतात. उरलेल्यातून कर्जं द्यायची, आणि त्या कर्जांतही साधारण ४० टक्के वाटा शेती, लघुउद्योग, दुर्बल घटक अशा अग्रक्रमाच्या क्षेत्रांना. हप्ता ९० दिवस थकला की कर्ज अनुत्पादक धरायचं, त्यासाठी नफ्यातून तरतूद करायची. आणि जोखमीच्या प्रत्येक १०० रुपयांमागे किमान ९ रुपये बँकेचं स्वतःचं भांडवल हवं, वर आणखी अडीच रुपये राखीव.

या आकड्यांतला माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा आकडा भांडवलाच्या नऊ रुपयांचा. शंभरातले नऊ-दहा रुपये मालकाचे, बाकी लोकांचे. दुसऱ्या कुठल्याही धंद्यात कुणी मालकाला इतक्या कमी पैशावर इतका मोठा कारभार करू देत नाही. भिशीत पैसा कुणी उचलला ते सगळ्या बायकांना ठाऊक असतं, तो बुडवणारीला गल्लीत तोंड दाखवता येत नाही. बँकेत तसं नाही. तुमच्या आजीची मुदत ठेव कुठल्या बिल्डरच्या कोणत्या टॉवरमध्ये गेली ते आजीला कळत नाही. शिवाय ठेव आजी उद्या मागू शकते, बिल्डर देणार पाच वर्षांनी. हा फरक सांभाळणं म्हणजे बँकिंग. आणि आजीच्या वतीनं प्रश्न विचारायला कुणीतरी लागतं, म्हणून नियामक.

बंधनच्या परवान्यात एक अट होती. प्रवर्तकांचा हिस्सा तीन वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचा. बँक एकाच हातात राहू नये, हा हेतू. मुदत ऑगस्ट २०१८ मध्ये संपली तेव्हा हिस्सा ८२ टक्क्यांच्या आसपास होता. बँक तेव्हा उत्तम चालली होती, नफा होता, थकबाकी नगण्य होती, मार्चमध्येच शेअर बाजारात दणक्यात नोंदणी झाली होती. तरी सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेचं पत्र आलं. परवानगीशिवाय नवी शाखा उघडायची नाही आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचं वेतन आहे तिथंच गोठवायचं. पुढच्या कामकाजाच्या दिवशी शेअर २० टक्क्यांनी कोसळला.

पगार गोठवणं मला फार आवडलं. दंड भागधारकांच्या खिशातून जातो, हे मात्र नेमकं ज्याच्या हाती निर्णय आहे त्याच्या घरी पोचतं. दंडही झाला म्हणा, २०१९ मध्ये एक कोटीचा. त्याच वर्षी बंधननं एचडीएफसीची गृह फायनान्स स्वतःत विलीन करून घेतली, हिस्सा ६१ टक्क्यांवर आला. फेब्रुवारी २०२० मध्ये शाखांवरचा निर्बंध उठला, ऑगस्टमध्ये प्रवर्तकांनी जवळपास २१ टक्के शेअर विकून ४० चा आकडा गाठला.

अट कडक होती का? असेलही. दीर्घ मुदतीत प्रवर्तकांनी हिस्सा १५ टक्क्यांवर आणावा हा त्या वेळचा नियम रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये स्वतःच सैल करून २६ टक्के केला. पण अट मान्य करून परवाना घ्यायचा आणि मुदत संपली की धंदा चांगला चाललाय म्हणून सूट मागायची, हे चालत नाही. धंदा चांगला चाललेला असतो तेव्हाच ऐकायची ताकद असते. २०२१ मध्ये महामारी आणि आसाममधली सूक्ष्मकर्जाची थकबाकी एकदम अंगावर आली. सप्टेंबरच्या तिमाहीत बँकेला सुमारे ३,००९ कोटींचा तोटा झाला. तो भांडवलानं सोसला, म्हणजे भागधारकांनी सोसला. ठेवीदाराचा रुपया गेला नाही. मघाचा तो नऊ रुपयांचा आकडा असतो तो यासाठी.

आता मुंबईत या. बंधनला पत्र गेल्यानंतर बरोबर वर्षानं, सप्टेंबर २०१९ मध्ये, भांडुपच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या खातेदारांना कळलं की सहा महिन्यांत एका खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येतील. सेवानिवृत्त माणसं, रिक्षावाले, गृहनिर्माण सोसायट्या शाखांबाहेर उभ्या राहिल्या. बँकेच्या कर्जांपैकी ७० टक्क्यांहून जास्त रक्कम एकाच बांधकाम समूहात, एचडीआयएलमध्ये, अडकली होती आणि ती लपवायला हजारो बोगस कर्जखाती दाखवली होती, असं तपासात पुढे आलं. एका समूहाला किती द्यायचं याची मर्यादा तेव्हाही होती. कागदावर सगळं नियमात होतं, कारण कागदच खोटा होता. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीला ते वर्षानुवर्षं दिसलं नाही, हे तिच्या नावे टाकायलाच हवं. सहकार निबंधक आणि रिझर्व्ह बँक असा दुहेरी अंमल हे एक कारण, म्हणून २०२० मध्ये कायदा बदलला आणि सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेची पकड वाढली. माझ्या मते तो बदल वीस वर्षं आधी व्हायला हवा होता. आपल्या राज्यातल्या पुढाऱ्यांना तो नको होता, हे इथं स्पष्ट बोललेलं बरं.

आणि आता अकोला. १९६० मध्ये तुमच्या गावची लक्ष्मी बँक बुडाली. त्याच वर्षी केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली. बँकिंग कंपन्यांचा कायदा १९४९ चा, चिंतामणराव देशमुख गव्हर्नर असतानाचा. रिझर्व्ह बँकेच्या हाती अधिकार होते, पण बुडणाऱ्या बँकेचं दुसरीत विलीनीकरण घडवून आणायचा अधिकार पुरेसा नव्हता. या दोन बँका गेल्या तेव्हा कायद्यात तो घातला गेला, आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला. तेव्हा एका ठेवीदाराला १,५०० रुपयांपर्यंत संरक्षण होतं. १९९३ मध्ये ते एक लाख झालं, आणि पुढची २७ वर्षं तिथंच राहिलं. पाच लाख झालं फेब्रुवारी २०२० मध्ये, भांडुपच्या रांगा लागल्यावर. २०२१ पासून बँकेवर निर्बंध आले की ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यावी लागते. म्हणजे आज सॉल्ट लेकच्या ठेवीदाराच्या पाठीशी जे कवच आहे, त्याची किंमत पहिल्यांदा तुमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीनं इथं मोजली आहे.

तुमच्यातले बरेच जण आयबीपीएसच्या परीक्षा देतील, काही सनदी लेखापाल होतील, काही गावच्या पतसंस्थेत संचालक म्हणून बसतील. संचालक होणाऱ्यांना सांगतो, पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमा नाही, हे ठेवीदाराला तोंडावर सांगा. बाकीच्यांना एवढंच, की एक दिवस साहेब म्हणतील, पार्टी जुनी आहे, हिशेब चोख आहे, कर्ज मंजूर कर. तेव्हा एकाच पत्त्यावर सात कर्जं दिसली तर त्या पत्त्यावर जाऊन या. शंका राहिली तर फाइलवर शेरा लिहा, आणि खाली तारीख घालून सही करा.