संसार दोघांचा, समिधा कुणाची?

(वणी येथे महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या गटांकडे मुली येतात. सांगतात, ‘माझं एका मुलावर प्रेम आहे, तो आमच्या जातीतला नाही, घरचे ऐकत नाहीत. आम्ही दुसरीकडे जाऊन नव्यानं संसार मांडू.’ आपण तिच्या पाठीशी उभ्या राहतो, राहायलाच हवं. पण तिच्याशी नेमकं काय बोलायचं, हे आपण ठरवलेलं नसतं. त्यासाठी आज एक गोष्ट घेते. वर्धा नदीच्या पलीकडची, वरोऱ्याची. साधनाताई आणि बाबा आमटे यांची. तुम्ही ती ऐकलेली आहे, पण बहुतेक वेळा बाबांच्या बाजूनं. आज ताईंच्या बाजूनं बघू.

जोडी किती विजोड होती बघा. मुरलीधर आमटे जमीनदाराचे चिरंजीव, वकील, एके काळी शिकारीचा आणि मोटारीचा शौक असलेले. पुढे ते सगळं सोडलं, दाढी वाढवली, ब्रह्मचारी राहायचं ठरवलं, वरोऱ्यात सफाई कामगारांबरोबर मैल्याच्या टोपल्या वाहिल्या. इंदू घुले नागपूरच्या शास्त्र्यांच्या घरातली, कडक सोवळ्याओवळ्यात वाढलेली. एका लग्नघरी सगळे समारंभात दंग असताना ही मुलगी हळूच मागे गेली आणि म्हाताऱ्या मोलकरणीला कपडे धुवायला मदत करू लागली. मुरलीधररावांनी ते पाहिलं आणि ब्रह्मचर्याचा विचार तिथेच संपला. डिसेंबर १९४६ मध्ये लग्न झालं. ते बत्तिशीला आलेले, ती वीस वर्षांची. लग्नानंतर इंदूची साधना झाली.

ही गोष्ट सांगताना सगळे म्हणतात, बाबांनी तिला कसं हेरलं. पण तिनं काय निवडलं, हे कुणी सांगत नाही. मोलकरणीच्या हातचं काम आपल्या हातात घेण्याचा निर्णय तिचा होता, आणि तेव्हा आपल्याला कुणी बघतंय हे तिला ठाऊकही नव्हतं. बाबा तिच्या आयुष्यात यायच्या आधीच ती सोवळ्याच्या बाहेर पाऊल टाकत होती. म्हणून ती कुणाच्या मागे गेली असं मी म्हणणार नाही. ती स्वतःच्या वाटेनंच चालत होती.

लग्नानंतर वरोऱ्याजवळ श्रमाश्रम. वेगवेगळ्या जातींची माणसं एकत्र राहणार, एकत्र राबणार, एकत्र जेवणार. आता विचार करा, एकत्र जेवणं म्हणजे कुणाची तरी चूल. मग १९५१ साली आनंदवन. सहा कुष्ठरोगी, चौदा रुपये, एक लंगडी गाय आणि खडकाळ जंगल. विंचू, साप, बिबट्या. ताईंची दोन्ही मुलं तेव्हा चार वर्षांच्या आतली. कुष्ठरोग लागेल या भीतीनं लोक सावली टाळत होते, त्या काळात एका आईनं तिथे मुलं वाढवली. गाय, दूध, स्वयंपाक, आल्यागेल्याचं बघणं, आजाऱ्यांचं करणं. पुढे बाबांची पाठ गेली. त्यांना बसता येईना, एक तर उभं राहायचं नाही तर आडवं. त्यांची शुश्रूषा ताईंकडे. १९९० साली बाबा नर्मदेच्या काठी कसरावदला राहायला गेले, तेव्हा ताईंनी चौसष्टाव्या वर्षी पुन्हा नवी चूल मांडली.

ताईंनी आत्मकथन लिहिलं, नाव ठेवलं ‘समिधा’. समिधा म्हणजे यज्ञात घालायचं लाकूड. त्यांनी ते मनापासून आणि अभिमानानं म्हटलं असेल. तो त्यांचा अधिकार. पण आपण बायकांनी विचारायला हवं, की संसार दोघांचा असताना समिधा एकटीनंच का व्हायचं?

आता हे बघा. १९८५ चा मॅगसेसे पुरस्कार बाबा आमटे यांना, एकट्यांना. २००८ चा मॅगसेसे हेमलकशाच्या डॉक्टर प्रकाश आणि डॉक्टर मंदाकिनी आमटे यांना, दोघांना मिळून. सासूचं काम सुनेपेक्षा कमी होतं का? नाही. मधल्या तेवीस वर्षांत बायकांचं काम मोजायला जग थोडं शिकलं. ते आपोआप शिकलं नाही, देशोदेशीच्या बायकांनी कंठशोष केला म्हणून शिकलं.

आनंदवनात आणखीही संसार उभे राहिले. घरातून हाकलून दिलेली, बरी झालेली माणसं. परत जायला गाव नाही. त्यांनी एकमेकांशी लग्नं केली. बाहेर मात्र कायदाच नवऱ्याला वाट काढून देत होता. जोडीदाराला कुष्ठरोग झाला हे घटस्फोटाचं कारण ठरत असे, ते २०१९ सालापर्यंत. औषधानं रोग बरा होऊ लागला, त्याला तोवर कित्येक वर्षं झाली होती. कायदा माणसांच्या मागून, लंगडत येतो.

मग आपल्याकडे येणाऱ्या त्या मुलीशी काय बोलायचं? मला वाटतं, चार गोष्टी.

एक, नाव. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. बदलायचं तर तिनं ठरवावं.

दोन, काम. दोघं मिळून नवं जग उभारणार, तर त्यातली चूल, पाणी आणि आजारपण कुणाकडे? हे प्रेमात असतानाच बोलून घ्यावं, नंतर तोंड उघडत नाही.

तीन, मालकी. घर, शेत, बँकेचं पुस्तक यांवर तिचं नाव आहे का? यवतमाळच्या बायकांना हे मी काय सांगावं! नवरा गेल्यावर स्वतःच्याच शेताच्या सातबारासाठी तलाठ्याकडे खेटे घालणाऱ्या बाया तुमच्या गटांत बसलेल्या आहेत.

चार, मधला महिना. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं, तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयात लावली जाते. म्हणजे घरी कळणारच. ते तीस दिवस मुलगी कुणाकडे राहील, याची सोय आपण आधी करून ठेवायची.

हे प्रश्न प्रेमात खोडा घालायला नाहीत. उलट, दोन टोकांची माणसं एकत्र येऊन माळावर संसार उभा करू शकतात, हे वरोऱ्यानं दाखवलेलंच आहे. आपल्याला एवढंच हवंय, की पुढचा असा संसार उभा राहील तेव्हा पाटीवर पहिल्या दिवसापासून दोन नावं असावीत.